मायेला वाक्य अर्धवट सोडते, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हार्पर लीच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीतल्या चांगल्या आणि वाईट वडिलांची तुलना करा, असा 15 गुणांचा प्रश्न सराव परीक्षेत आला. तुम्ही कागदावर मधोमध रेघ मारलीत. डावीकडे ॲटिकस फिंच, उजवीकडे बॉब यूएल, दोघांखाली सात-सात मुद्दे. बाईंनी 6 गुण दिले आणि समासात लिहिलं, ‘हे पुस्तक न वाचताही लिहिता आलं असतं.’ आता तुम्ही विचारताय, अजून कोणते मुद्दे घालू?

मुद्दे वाढवू नका. तुमचे चौदाच्या चौदा मुद्दे बरोबर आहेत आणि खरी अडचण तीच आहे. ॲटिकस प्रेमळ, यूएल क्रूर. हा शिकलेला, तो अडाणी. हा मुलांना वाचून दाखवतो, तो दारू पितो. या विशेषणांच्या दोन याद्या झाल्या. तुलना म्हटली की दोघांना एकाच तराजूत घालावं लागतं आणि तो तराजू कादंबरीतच शोधावा लागतो. मला सापडलेला तराजू सांगतो: मुलीला आपल्या बापाबद्दल चारचौघांत काय बोलता येतं?

इथवर मीही लगेच पोहोचलो नाही. सोलापुरात 27 वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यात ही कादंबरी निदान दहा-बारा वेळा. सुरुवातीची काही वर्षं मीही फळ्यावर तुमच्यासारखीच रेघ मारायचो. एका वर्षी पूर्वभागातला एक मुलगा वर्गात होता, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. यूएलच्या रकान्यात मी ‘दारुडा’ असं लिहिल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, “सर, माझा बाप पण पितो. पण लहानपणी दर वर्षी गड्ड्याच्या जत्रेला मला खांद्यावर बसवून न्यायचा. त्याला कुठल्या रकान्यात टाकू?” वर्ग हसला. तो हसला नाही. मी काहीतरी सारवासारव करून तास संपवला, आणि घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडलं, निव्वळ या एका प्रश्नासाठी.

तेव्हा लक्षात आलं की लेखिकेने हा प्रश्न आधीच ओळखला होता. म्हणून तर यूएलच्या शेजारी तिने वॉल्टर कनिंगहॅम उभा केलाय. काळ तोच, 1930च्या दशकातली मंदी. गाव तेच, अलाबामातलं मेकॉम. गरिबीही जवळपास तशीच. पण कनिंगहॅम सरकारी मदत घेत नाही. वकिलाची फी द्यायला पैसे नाहीत, तर जळाऊ लाकूड आणून टाकतो, शेतातला भाजीपाला आणून ठेवतो, आणि फिटेपर्यंत हिशेब ठेवतो. त्याचा पोरगा शाळेत उपाशी बसेल पण बाईंनी पुढे केलेलं नाणं घेणार नाही. इकडे यूएलला मदतीचा चेक मिळतो आणि त्याची दारू होते. हंगाम नसताना शिकार करायला गाव त्याला मुभा देतं, कारण ती बंद केली तर मुलं उपाशी राहतील. तेव्हा ‘गरीब आणि अडाणी म्हणून वाईट बाप’ असं एक वाक्य जरी तुमच्या उत्तरात असेल तरी खोडा. कादंबरी ते मान्य करत नाही.

बरं, कनिंगहॅम म्हणजे काही देवमाणूस नव्हे. टॉम रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय तरुण, यूएलच्या मुलीवर, मायेलावर, अत्याचार केल्याचा खोटा आळ त्याच्यावर आलाय आणि ॲटिकस त्याचा वकील आहे. त्याला तुरुंगातून ओढून काढायला रात्री जी टोळी येते तिच्यात तो आहे. दारात ॲटिकस एकटा बसलाय, दिव्याखाली वर्तमानपत्र वाचत. त्याच्या बोलण्याने टोळी मागे फिरत नाही. फिरते ती ॲटिकसच्या आठ वर्षांच्या मुलीमुळे, स्काउटमुळे, आणि ती काय करते? ओळखीचा चेहरा दिसला म्हणून त्याच्या मुलाची चौकशी करते. वॉल्टर माझ्या वर्गात आहे, चांगला मुलगा आहे, त्याला माझा नमस्कार सांगा. तेवढ्याने तो माणूस गुडघ्यांवर बसतो, तिच्या खांद्यांना धरून ‘सांगतो’ म्हणतो आणि सगळ्यांना घेऊन निघून जातो. टोळीत घुसलेल्या माणसातल्या बापाला तिने हाक मारली होती. तुमच्या उत्तरात हा प्रसंग कुठेच नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. चांगला आणि वाईट यांच्या मधली सगळी जागा या एका माणसात आहे.

आता न्यायालय. उत्तराचा निम्मा भाग इथेच जायला हवा.

आधी एक अवांतर. या मुलीचं नाव देवनागरीत ‘मायेला’ असं लिहिलं की आमच्या वर्गात दर वर्षी कोणीतरी पुटपुटायचंच, “मायेला पारखी.” मूळ उच्चार थोडा वेगळा आहे, पण मी कधी दुरुस्त केला नाही. परक्या भाषेतल्या पात्राला आपल्या भाषेने असं आपलंसं केलं, तर आपण मध्ये का पडा?

तर ही मायेला, वय साडेएकोणीस, सात भावंडांत थोरली. आई नाही. शाळा दोन-तीन वर्षांची. कचऱ्याच्या ढिगाशेजारच्या त्या घरात एका कोपऱ्यात तिने टवके उडालेल्या सहा भांड्यांत लाल जिरॅनियम लावलेत आणि गावात म्हणतात की ती फुलं तेवढी नीट निगुतीने वाढवलेली आहेत. ती साक्षीला उभी राहिली तेव्हा ॲटिकस तिला अदबीने बोलतो तर तिला वाटतं हा आपली चेष्टा करतोय. आजवर असं कोणी बोललेलंच नसतं. मैत्रिणी-मित्र कोण, असं विचारल्यावर तिला शब्दच कळत नाही.

मग तो विचारतो, तुझं वडिलांवर प्रेम आहे का? म्हणजे काय, ते तिला समजत नाही. तो प्रश्न सोपा करतो, ते तुझ्याशी चांगले वागतात का, त्यांच्यासोबत राहणं सोपं जातं का? ती म्हणते, बरे वागतात, फक्त जेव्हा... आणि थांबते. बापाकडे बघते. तोवर खुर्ची कठड्याला मागे टेकवून रेललेला यूएल सरळ होऊन बसतो आणि तिच्या उत्तराची वाट बघतो.

माझ्या लेखी हा सगळ्या पुस्तकातला सर्वात भयंकर क्षण आहे. कोणी ओरडत नाही, हात उगारत नाही, एक माणूस फक्त खुर्चीत ताठ होतो. आणि पोरगी वाक्य गिळते. ‘जेव्हा... काही नाही.’ पुढे, ते प्यायलेले असताना का, असं ॲटिकस हळूच विचारतो तेव्हा ती मान हलवते. पण कधी मारलंय का, यावर तिचं उत्तर ठाम येतं, माझ्या केसालाही कधी धक्का लावला नाही. ते उत्तर न्यायालयासाठी नसून खुर्चीत ताठ बसलेल्या त्या माणसासाठी आहे.

आणि हे सगळं वर सज्ज्यात बसून बघतंय कोण? प्रश्न विचारणाऱ्या वकिलाची मुलगी. दोन बाप आणि दोन मुली एका छताखाली. एक मुलगी बापाबद्दल एक वाक्य पुरं करू शकत नाही. दुसरीने सगळी कादंबरीच सांगितली आहे! स्काउट बापाबद्दल काय वाटेल ते बोलते. तो म्हातारा आहे, पन्नाशीला आलाय, इतर पोरांच्या वडिलांसारखं त्याला काही करता येत नाही, नजर अधू आहे, चष्मा लागतो. त्याच्या चुकाही सांगते. तिला कधी त्याच्याकडे चोरून बघावं लागत नाही. पुस्तकाचा निवेदक कोण, हा ‘निवेदन तंत्र’ म्हणून वेगळ्या प्रकरणात लिहायचा मुद्दा असतो असं आपण पोरांना शिकवतो, पण इथे निवेदक असणं हाच बापाविषयीचा सर्वात मोठा पुरावा आहे.

स्काउट आणि तिचा मोठा भाऊ जेम बापाला नावानेच हाक मारतात. आमच्या वर्गात त्यांच्या ‘ॲटिकस’ अशा हाकेला कायम हशा पिकायचा. सोलापुरातली पोरं ती, कोणाच्या घरी अण्णा, कोणाच्या घरी अप्पा, तेलुगू घरात नायना. बापाला नावाने हाक मारायची म्हणजे थोबाड फुटायची पाळी. पण स्काउट बापाचं वर्णन करताना म्हणते की तो आमच्याशी खेळतो, वाचून दाखवतो, आणि अदबीने थोडं अंतर राखून वागतो. प्रेमळ, मायाळू, जीव ओवाळणारा, यातलं तिने काही म्हटलेलं नाही. तुम्ही ‘प्रेमळ’ लिहिलंय ते चूक नाही, पण तिचा शब्द जास्त नेमका आहे. मुलांना मोठ्या माणसांइतकी अदब देणारा बाप आपल्याकडे कितीसा दिसतो? मी स्वतः तसा होतो का, हे माझ्या मुलीला विचारावं लागेल. आणि ती वाक्य पुरं करेल अशी आशा आहे.

यूएलबद्दलचा तुमचा पुरावा बहुतेक ऐकीव आहे. दारू, आळस, गावाची बोलणी. त्यापेक्षा साक्षीतला एकच प्रश्न घ्या. ॲटिकस विचारतो, मुलीवर अत्याचार झालेला दिसला तेव्हा डॉक्टरला बोलावलं का? तो म्हणतो, सुचलंच नाही. पोरांसाठी जन्मात कधी डॉक्टर बोलावला नाही, आणि बोलावला असता तर पाच डॉलर गेले असते. तो लगेच शेरीफला आणायला धावतो, ते टॉमला पकडायला. मुलगी जमिनीवर पडलेली आहे. बाप म्हणून तो कसा आहे हे सांगायला याहून दुसरं काही लागत नाही. टॉमच्या साक्षीनुसार तर खिडकीतून बघितल्यावर त्याने पहिली शिवी दिली ती मुलीलाच.

इथे थोडं थांबून बघू. आतापर्यंत तीन गोष्टी हातात आल्या. गरिबीवर खापर फोडता येत नाही, कारण कनिंगहॅम आहे. तराजू आहे मुलीच्या बोलण्याचा. आणि यूएलविरुद्धचा पुरावा त्याच्याच तोंडून आलेला आहे. एवढं नीट मांडलंत तर 10 गुणांपर्यंत जाल. पुढचं सांगतो ते उरलेल्या गुणांसाठी, आणि खरं म्हणजे मला त्यातच जास्त रस आहे.

ॲटिकस चुकतो. मोठी चूक करतो. खटल्यानंतर यूएल भर रस्त्यात त्याच्या तोंडावर थुंकतो. ॲटिकसची पहिली प्रतिक्रिया काय, तर बॉब यूएलने तंबाखू खाऊ नये असं मला वाटतं. (सोलापुरात हे वाक्य कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडचे भिंतींचे कोपरेच सांगतात.) मग तो मुलांना जे सांगतो ते फार महत्त्वाचं. त्या माणसाला कुठेतरी राग काढायचाच होता. माझ्यावर थुंकून मायेलाचा एक मार जरी वाचला असेल, तर मी आनंदाने सोसेन. म्हणजे दुसऱ्याच्या मुलीसाठी तो एवढा विचार करतो. स्वतःच्या मुलांसाठी मात्र त्याचा अंदाज फसतो. यूएलचा राग आता निवला असं त्याला वाटतं. आणि हॅलोविनच्या रात्री शाळेतल्या कार्यक्रमाहून परतताना यूएल अंधारात पोरांवर सुरी घेऊन धावतो. ॲटिकस थकलेला म्हणून कार्यक्रमालाही गेलेला नसतो. जेमचा डावा हात कोपरापाशी मोडतो. या हातापासूनच कादंबरी सुरू झाली होती, हे विसरू नका.

मुलांना वाचवतो कोण? बू रॅडली. आणि बू रॅडलीचा बाप कोण होता? तुमच्या उत्तरात हे नावच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थोरला रॅडली पीत नव्हता, कोणाचं देणं बुडवत नव्हता, मेकॉमच्या हिशेबाने सरळमार्गी, कडक धार्मिक माणूस. पोरगा तरुणपणी टवाळखोरांच्या नादाला लागला, न्यायाधीशाने इतर पोरांसोबत त्याला सुधारशाळेत पाठवायचं ठरवलं, तर बाप म्हणाला, मी बघतो. आणि घरात कोंडला. वर्षानुवर्षं. गावात कोणी विचारलं नाही, कारण माणूस प्रतिष्ठित. तो मेल्यावर त्याचं प्रेत घरासमोरून नेताना फिंचांच्या घरची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण कॅल्पर्निया म्हणते, देवाने ज्याच्यात श्वास फुंकला असा सर्वात दुष्ट माणूस. कॅल्पर्निया गोऱ्यांबद्दल असं सहसा बोलत नाही, म्हणून पोरंही चकित होतात. पुढे थोरला भाऊ नेथन बापाची गादी चालवतो. बू ज्या झाडाच्या ढोलीत मुलांसाठी भेटी ठेवायचा, ती ढोली तो सिमेंटने बुजवतो.

माझं स्वतःचं मत, आणि बाईंचं वेगळं असू शकतं, की या पुस्तकातला सर्वात वाईट बाप यूएल नसून हा आहे. यूएलला सगळं गाव वाईट म्हणतं. रॅडलीला कोणी म्हणत नाही, एक स्वयंपाकीण सोडून. आपल्या गल्लीतही दोन्ही नमुने सापडतील, आणि दुसरा ओळखायला किती वेळ लागतो ते तुम्ही जाणताच. बू त्याच्याबद्दल एक शब्द बोलत नाही, मायेला अर्धं वाक्य तरी बोलली होती. न्यायालयात बसलेल्या स्काउटलाही हे जाणवतं. मायेला बू रॅडलीहून एकटी असेल असं तिच्या मनात येतं. तुमच्या तुलनेचा तराजू तिने तिथेच आपल्या हातात दिलाय.

तर गंमत अशी की चांगल्या बापाची मुलं वाचली ती वाईट बापाने कोंडलेल्या मुलामुळे. ॲटिकसच्या शिकवणीमुळे वाचली असं म्हणता येत नाही. चांगला बाप असणं म्हणजे मुलांचं सगळं नीट होईल याची हमी, असं हे पुस्तक कुठेच म्हणत नाही. टॉम रॉबिन्सनकडे बघा. तोही तीन मुलांचा बाप, सरळ, कष्टाळू, आणि तुरुंगातून पळताना गोळ्या घालून मारला जातो. त्याच्या मुलांना त्याचं चांगलं असणं पुरलं का? या प्रश्नावर तुमच्या उत्तरात दोन वाक्यं जरूर हवीत. चांगल्या-वाईट बापांच्या चर्चेत टॉम बहुतेक उत्तरपत्रिकांत नसतो, कारण त्याला आपण ‘बळी’ या खान्यात टाकून मोकळे होतो.

शेवटच्या प्रकरणांत ॲटिकसची खरी परीक्षा आहे, ती खटल्यात नव्हती. यूएल मेलेला सापडतो. ॲटिकसला वाटतं, जेमच्या हातून घडलं. शेरीफ हेक टेट म्हणतोय, यूएल स्वतःच्याच सुरीवर पडला. दुसरा बाप असता तर म्हणाला असता, बरं झालं, विषय संपवा. हा म्हणतो, झाकू नका. जेम दुसऱ्या कोणाकडे बघण्याआधी माझ्याकडे बघतो आणि आजवर मी त्याच्या नजरेला नजर देता येईल असं जगायचा प्रयत्न केलाय. गावात एक आणि घरात एक असं त्याला जमत नाही. नंतर सत्य कळल्यावर, बूसाठी, तोही वाकतो. शेरीफची गोष्ट मान्य करतो. हे त्याचं तत्त्व मोडणं की मोठेपण, यावर मी तीन-चार वर्षं वर्गात वाद घालवले आणि माझं मत दोनदा बदललं. तुम्ही कुठलीही बाजू घ्या, पण घ्या.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून. प्रश्नात नुसतं ‘तुलना करा’ असेल तर वरचं पुरेसं आहे. ‘चिकित्सक चर्चा करा’ असेल तर ॲटिकसवरच्या आक्षेपाला एक परिच्छेद द्या. मायेलाला रडवणारी ती उलटतपासणी एका पीडित मुलीवरही होतेच ना? टॉमला वाचवायचं तर दुसरा मार्ग नव्हता, हे खरं, तरी तिच्या बाजूने बघितलं तर तिला एका बापाने मारलं आणि दुसऱ्या बापाने ते भर न्यायालयात उघडं केलं, मग त्याच रात्री तिला पहिल्याच्याच घरी जावं लागलं. स्त्रीवादी वाचन अभ्यासक्रमात असेल तर हे सोनं आहे, नसेल तर दोन ओळींत उरका. आणि 2015 साली आलेल्या हार्पर लीच्या दुसऱ्या पुस्तकातला म्हातारा, वंशभेदाच्या बाजूला बसलेला ॲटिकस या उत्तरात आणू नका, जोवर ते पुस्तक तुमच्या यादीत नाही. ते छापून नंतर आलं, पण लिहिलेलं आधी आहे. ‘पुढे ॲटिकस बदलला’ असं लिहिणारे विद्यार्थी तिथेच फसतात. 1962च्या चित्रपटातल्या ग्रेगरी पेकचंही तेच. ऑस्कर मिळालेला त्याचा देखणा, धीरगंभीर ॲटिकस डोक्यात बसला की पुस्तकातला अधू नजरेचा, हातात वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसलेला माणूस दिसेनासा होतो.

उत्तराची मांडणी कशी कराल? सुरुवातीला लेखिकेची माहिती नको, 1960 आणि पुलित्झर एका ओळीत आलं तर चालेल. पहिलंच वाक्य मायेलाच्या त्या थांबण्यावर लिहा. मग खुर्चीत ताठ होणारा यूएल, मग सज्ज्यातली स्काउट. तिथून डॉक्टरचे पाच डॉलर. मग कनिंगहॅम थोडक्यात, रॅडली सविस्तर, आणि शेवटी ॲटिकस, त्याच्या चुकीसकट. ॲटिकसला शेवटी ठेवा, कारण तो आधी आला की उत्तर आरती होतं. उत्तर इंग्रजीतच लिहायचंय हे मला माहीत आहे, पण कच्चा आराखडा आधी मराठीत करून बघा. मराठीत जे सांगता येत नाही ते बहुधा अजून कळलेलं नसतं, असा माझा वर्गातला अनुभव.

सात-सात मुद्द्यांचा तो कागद फेकू नका. त्यातला ‘झोपण्यापूर्वी वाचून दाखवतो’ हा एक मुद्दा कामाचा आहे, पण तो पुरा करा. शाळेत मिस कॅरोलाईन स्काउटला सांगतात की वडिलांना म्हणावं, आता शिकवू नका. ॲटिकस स्काउटशी तडजोड करतो, तू शाळेत जा, आपण रात्री वाचत राहू. आणि अगदी शेवटी, हात मोडलेला जेम बेशुद्ध झोपलाय, त्याच्या खोलीत ॲटिकस पुस्तक घेऊन बसलाय. स्काउट त्याच्या मांडीपाशी येते, वाचून दाखव म्हणते, ऐकता ऐकता झोपते. तिला उचलून तिच्या पलंगावर ठेवून तो पुन्हा जेमच्या खोलीत जाऊन बसतो, सकाळी मुलगा जागा होईपर्यंत.